भोकाचा पैसा

बाबा संध्याकाळी कामावरून घरी आले, की कोट खुंटीला अडकवण्याआधी खिशातली मोड पाटावर ओतीत. ती निवडण्याचे काम माझे असे. आमची खोली मुंबईच्या इस्रायल मोहल्ल्यात होती आणि साल असेल १९६५-६६. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून सुरू झाली होती, तरी जुनी नाणी अजून हातात येत. चार आण्यांची पावली बरोबर २५ पैशांची आणि आठ आण्यांची अधेली ५० पैशांची, म्हणून ही दोन्ही नव्या नाण्यांत खुशाल मिसळून चालत. १९४६-४७ सालच्या पावलीवर एका बाजूला सहावा जॉर्ज राजा आणि दुसऱ्या बाजूला वाघ असे. असा वाघ सापडला, की तो मी बाबांकडून मागून घेई आणि धाकट्या भावाला दाखवून घाबरवी.

पण खरा खजिना आजीजवळ होता. ती कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, आमच्या गावी राहत असे. मे महिन्याच्या सुट्टीत भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरून आम्ही तिच्याकडे जात असू. तिच्या फडताळात पत्र्याच्या डब्यात सुतळीत ओवलेले भोकाचे पैसे होते. हा पैसा १९४३ ते १९४७ या वर्षांत निघाला. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई पडली, म्हणून सरकारने पैशाच्या मधला तुकडाच काढून घेतला. आजी म्हणे, "लढाईनं पैशाचं पोट कोरलं बघ."

आजीचा हिशेब जुना होता. ३ पै मिळून एक पैसा, ४ पैशांचा आणा, १६ आण्यांचा रुपया. म्हणजे रुपयाचे पैसे ६४. नव्या पद्धतीत त्याच रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पावली-अधेलीचे ठीक जमले, पण एका आण्याचे होत सव्वासहा नवे पैसे, आणि पाव पैशाचे नाणे तर नाही! म्हणून सरकारी तक्त्यात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नवे पैसे धरले होते. चार आणे वेगवेगळे मोडले, तर हातात २४च पडत.

आजीला अक्षरओळख नव्हती, पण नारळ आणि अंडी विकता विकता हे तिच्या चटकन ध्यानात आले होते. आम्हा मुलांना ती बजावी, "आणा सुटा मोडू नये. एकेक मोडाल तर चोवीस, चौघे मिळून गेलात तर पंचवीस." बाबा हसून म्हणत, "आई, एका पैशानं काय होतं?" ती उत्तर देत नसे.

पुढे आमच्या घरची माणसे इस्रायलला निघाली. आधी थोरले काका, मग आत्या आणि १९७४ साली माझी शाळा संपल्यावर आम्ही. निरोप घ्यायला गावी गेलो, तेव्हा आजीने डबा काढला, सुतळीची गाठ सोडली आणि एक भोकाचा पैसा माझ्या हातावर ठेवला. मग बाबांकडे पाहून एवढेच म्हणाली, "मोडलात ना एकेक करून?" त्या दिवशी बाबा हसले नाहीत. आजी मागेच राहिली. गावच्या आमच्या कबरस्तानात तिची माती आहे.

इथे आलो तेव्हा लिरा आणि अगोरा होते. १९८० साली दहा लिरांचा एक शेकेल झाला आणि १९८५ साली हजार शेकेलांचा एक नवा शेकेल. लोक हिशेब करून दमत. मला मात्र आजीची शिकवणी झालेली होती!

इस्पितळात रात्रपाळीला असताना एका वृद्ध रुग्णाने मला आपल्या पाकिटातले नाणे दाखवले. ते १९४३ सालचे १० मिलचे, हिब्रू, अरबी आणि इंग्रजी अक्षरांचे नाणे होते आणि मधोमध भोक! लोक त्याला ग्रूश म्हणत. मिलची नाणी ब्रिटिश अमलात १९२७ साली आली. त्या नाण्याला भोक पहिल्यापासूनच होते, पण लढाईत निकेल मिळेना म्हणून काही वर्षे ते ब्राँझचे पाडले. मी पर्समधला माझा पैसा काढून त्याच्या नाण्याशेजारी ठेवला. एकाच साम्राज्याची, एकाच लढाईने गरीब केलेली ती दोन नाणी पाहून म्हातारबाबा बराच वेळ हसत होते. मला मात्र आजीचा डबा आठवला.

भारतात २५ पैशांचे नाणेही ३० जून २०११ पासून बंद झाले. आता चार आणे उरले ते आपल्या बोलण्यात. मी "सोळा आणे खरं" म्हणाले, की माझी नातवंडे विचारतात, "आजी, आणा म्हणजे काय?"

वाचकहो, तुमच्याही घरी कपाटाच्या कोपऱ्यात असा एखादा डबा असेल. तो जरूर उघडा आणि त्यातल्या नाण्यांची गोष्ट मुलांना सांगा. मात्र एकेकट्याने उघडू नका. सणासुदीला सगळी जमतील तेव्हा उघडा. आजीचा हिशेब तोच होता.