‘राजाची धर्मशीलता’: एका स्त्रीप्रतिमेचा प्रवास

आजचा पलसाणा तालुका ज्या दमण–सुरत पट्ट्यात मोडतो, त्याच पट्ट्यातून १५७९–८० च्या हिवाळ्यात गोव्याहून निघालेले तीन येशूसंघीय धर्मगुरू, रुदोल्फ आक्वाविवा, अंतोनियो मोन्सेरात व फ्रान्सिस्को हेन्रीकेस, अकबराच्या भेटीस फत्तेपूर सिक्रीकडे गेले. १५८० च्या मार्चमध्ये त्यांनी बादशहास अँटवर्प येथे छापलेले बहुभाषी पवित्र शास्त्र अर्पण केले. अकबराने त्याचे खंड आदराने मस्तकी धरले.

या ग्रंथाच्या आरंभीच्या चित्रांपैकी एकात सिंह, लांडगा, बैल व कोकरू एकत्र चरताना दिसतात. यशयाच्या भविष्यवाणीचा हा संकेत आपल्या वाचकांस परिचित आहे. दुसऱ्या चित्रात एक भारदस्त स्त्री उभी आहे. ती मरिया नव्हे, कोणी संतही नव्हे. ग्रंथास आश्रय देणारा स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या धर्मशीलतेचे ते मूर्त रूप होय. सद्‌गुणास स्त्रीरूप देण्याची ही प्रथा प्रबोधनकालीन कलेने प्राचीन रोमकडून घेतली.

अकबराचा चित्रकार बसावन याने या प्रतिमेवरून स्वतःचे चित्र रचले. ते आज पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहे. मूळ चित्र ताम्रपटावर कोरलेले असल्याने त्यातील छाया परस्परांना छेदणाऱ्या सूक्ष्म रेषांनी साधली होती. बसावनने तोच उठाव कुंचल्याच्या मृदू छटांनी वस्त्रांच्या चुण्यांत आणला. तंत्र अशा रीतीने सहज रुजले. अर्थ मात्र मागे राहिला, कारण लॅटिन शीर्षकावाचून ती स्त्री कोणाचा सद्‌गुण सांगते हे कळण्यास मार्ग नव्हता.

त्या अर्थाची कसोटी अँटवर्पमध्येच लागली होती. १५७२ मध्ये ग्रंथाची छपाई पुरी झाली आणि १५७६ च्या नोव्हेंबरात त्याच राजाच्या वेतन थकलेल्या सैनिकांनी ते नगर लुटले व हजारोंचे प्राण घेतले. ग्रंथ छापणाऱ्या प्लांतँ यालाही खंडणी भरून आपला छापखाना वाचवावा लागला. धर्मशीलतेचे चित्र ग्रंथात होते, तिचे आचरण रस्त्यावर नव्हते.

आपण धर्मशिक्षणात चित्रे वापरतो, आणि ती वापरावीतच. परंतु चित्रातील व्यक्ती कोण, ती कोणाची स्तुती करते व ती स्तुती कृतीने खरी ठरली काय, एवढे सांगितल्यावाचून आपण चित्र मंडळीपुढे ठेवू नये.