गाडीत मॅप लावताना: मोबाईल होल्डर आणि चार्जर कसा घ्यावा

हजला जाणाऱ्यांचं विमान नागपूरहून सुटतं. सिरोंच्याहून निघालेल्या कुटुंबाला गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या घरात पडते, पुढे नागपूर आणखी पावणेदोनशे. निकाह असो, मय्यत असो की पेशंटला घेऊन रात्री निघायचं असो, रस्ते हेच. मॅप आता मोबाईलवरच बघतात, वेगळं जीपीएस यंत्र क्वचितच दिसतं. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांसाठी होल्डर आणि चार्जरची ही माहिती देत आहोत. आमच्या मते इकडे आधी उन्हाचा विचार करावा, मग रस्त्याचा. किंमत त्यानंतर.

चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो. आयफोनसारखे फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात. काचेमागे थेट उन्हात लावलेला फोन तापतो, आधी स्क्रीन मंद होते, मग चार्जिंग थांबतं आणि शेवटी फोन बंदच पडतो. समोरच्या काचेला रबरी कपाने चिकटणारा होल्डर म्हणूनच उन्हाळ्यात त्रासाचा. उन्हाने कपाची पकडही सुटते. एसी असलेल्या गाडीत हवेच्या जाळीला अडकवायचा होल्डर बरा, कारण थंड हवा सरळ फोनच्या पाठीवर लागते. मात्र जाळीच्या पट्ट्या नाजूक असतात. फोन जड असेल तर मागे टेकू असलेला आणि हुकाने घट्ट बसणारा घ्या. एसी नसलेल्या जीपमध्ये डॅशबोर्डवर खालच्या बाजूला, जिथे ऊन कमी येतं, तिथे स्क्रूने किंवा चांगल्या टेपने बसवा. एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नका.

आलापल्लीकडे जाताना सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक भेटतात, रस्त्याचे हालही माहीतच आहेत. लांब दांड्याचा होल्डर अशा रस्त्यावर इतका हलतो की मॅप वाचताच येत नाही. दांडा आखूड हवा आणि फोनला खालून आधार हवा. नुसत्या चुंबकावर टेकणारा होल्डर शहरात चालतो, खड्ड्यांत फोन पायाशी येतो.

आता चार्जर. गाडीच्या म्युझिक सिस्टीमला असलेल्या जुन्या यूएसबी पोर्टमधून बहुतेकदा अर्धा ते एक अँपिअर करंट मिळतो. स्क्रीन सतत चालू, जीपीएस चालू, म्हणजे चार्जिंगला लावूनही बॅटरी उतरत जाते. लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा किमान १८-२० वॅटचा चार्जर घ्या. पाकिटावर मोठा आकडा असेल तर तो दोन्ही पोर्ट मिळून आहे का, ते वाचून बघा. फोन टाईप-सी असेल तर पीडी लिहिलेला पोर्ट असू द्या. कार आणि जीपची बॅटरी १२ व्होल्टची, मोठ्या ट्रक-बसची २४ व्होल्टची असते. ट्रकवाल्यांनी १२-२४ व्होल्ट असं स्पष्ट लिहिलेलाच घ्यावा. फूटपाथवरचा पन्नास-शंभर रुपयांचा चार्जर आम्ही सुचवणार नाही, त्यात तापल्यावर बंद होण्याची सोय असेलच असं नाही. केबल जाड आणि मीटरभर पुरे. बारीक लांब केबलने चांगला चार्जरही मंदावतो.

भामरागड, एटापल्लीच्या जंगलात रेंज जाते. टॉवर शोधत बसलेला फोन बॅटरी जास्त खातो. जीपीएसला मात्र रेंज लागत नाही, ते उपग्रहावरून चालतं. घरून निघताना वायफायवर त्या भागाचा ऑफलाईन मॅप उतरवून घ्या. पावसाळ्यात मात्र ऑफलाईन मॅपला पुराची खबर नसते. पर्लकोटेला पूर आल्यावर भामरागडचा रस्ता बंद होतो हे तो सांगणार नाही. आलापल्लीत थांबून समोरून आलेल्या गाडीवाल्याला विचारलेलं बरं.

कायद्याचंही सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या २०२० च्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना फोन फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येतो, तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. होल्डर नजरेच्या रेषेखाली, पण मान फार वळवावी लागणार नाही असा लावा. ताडोब्याच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्यांवर संध्याकाळनंतर जनावर अचानक आडवं येतं, तिथे मॅपचा आवाज चालू ठेवून नजर रस्त्यावरच असावी. शेजारी बसणाऱ्याला मॅप सांभाळायला दिला तर आणखी चांगलं.