अभिमान, गर्व आणि ‘प्राइड’

इंग्रजी स्वभाववाचक शब्दांचे अर्थ मराठींत सांगूं लागलों कीं आम्ही पहिल्यानें अडतों तें ‘प्राउड’ ह्या शब्दापाशीं. ‘प्राउड’, ‘व्हेन’ व ‘हॉटी’ ह्या तिघांस आमचे विद्यार्थी ‘गर्विष्ठ’ ह्या एकाच दावणीला बांधून मोकळे होतात. वस्तुतः ‘प्राउड’ मनुष्य स्वतःस थोर समजतो. ‘व्हेन’ मनुष्यास इतरांनीं आपणांस थोर म्हणावें असें वाटतें. ‘हॉटी’ मनुष्य इतरांस तुच्छ लेखतो व तें वागणुकींत दाखवितो. पहिल्या दोहोंतील भेद जेन ऑस्टेनबाईंनीं आपल्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ कादंबरींत एका पुस्तकी वळणाच्या मुलीच्या तोंडीं घातला आहे, हा बाईंचा खवचटपणा होय.

मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला आणि इंग्रजी-मराठी कोश मेजर कँडी ह्यांनीं १८४७ सालीं पुरा केला. इंग्रजी विद्येच्या ह्या वाढत्या प्रसारांत ‘पेट्रिअटिझम’ची कल्पना इकडे आली आणि तिच्यासाठीं ‘देशाभिमान’ हा शब्द रूढ झाला. निबंधमालेच्या (१८७४-८१) पिढीस तो गौरवाचा शब्द होता. येथें कोडें असें कीं, गीतेच्या सोळाव्या अध्यायांत अभिमानाची गणना दंभ व दर्प ह्यांच्या पंक्तीस, आसुरी संपत्तींत केली आहे. मग हा आसुर एकाएकीं सद्गुणांत कसा येऊन बसला? इंग्रजी ‘प्राइड’ निंदा व स्तुति दोहोंकडे चालतो, त्याच्याच संगतीनें आमचा शब्द बदलला, असें उत्तर सुचणें साहजिक आहे.

आम्हांस तें पटत नाहीं. रामदासांनीं मनाच्या श्लोकांत रामास ‘दासाभिमानी’ म्हटलें आहे. तेथें रामाला दासाची घमेंड आहे असें कोणी समजत नाहीं. दासास आपला मानून तो त्याचा कैवार घेतो, एवढाच अर्थ. वेदान्तांतील ‘देहाभिमान’ तरी काय? देहाची बढाई नव्हे, तर देह म्हणजेच मी असें मानणें. ‘हें माझें’ म्हणण्याची ही जी जुनी शाखा, तिलाच ‘देशाभिमान’ फुटला. इंग्रजीनें निमित्त दिलें, बीज दिलें नाहीं.

‘गर्व’ ह्या शब्दास अशी दुसरी शाखा मराठींत नव्हती. गर्वाचें घर खालीं, एवढेंच आपण जाणत होतों. (फारसींतून आलेल्या शब्दांची गति तर उलटीच: ‘मिजाज’ म्हणजे नुसती प्रकृति, तिची आम्हीं ‘मिजास’ केली!) आतां मात्र हिंदीच्या सहवासानें वाशी-नेरुळकडील अभिनंदनाच्या फलकांवर ‘आम्हांला तुमचा गर्व आहे’ असें सर्रास वाचावयास मिळतें. शब्द झिजतात, त्याचें दुःख नाहीं. पण ‘गर्व’ स्तुतीकडे गेल्यावर निंदेच्या जागीं कोणास बसवावयाचें? परवां निरोपसमारंभांत एका गुणी विद्यार्थ्यानें ‘सरांचा आम्हांला गर्व आहे’ असें सद्गदित होऊन सांगितलें. टाळ्या पडल्या. आम्हींही हात जोडले. शब्द सुधारून देण्याचा धीर झाला नाहीं.