म्यूनिक नगरपालिकेतील कार्यप्रणालीबदल : नवशिक्यांच्या अडचणींचे स्वरूप

संगणकाची परिचित कार्यप्रणाली सोडून दुसरी स्वीकारणाऱ्या नवशिक्यास ज्या अडचणी येतात, त्यांचे मूळ बहुधा नव्या प्रणालीच्या गुणदोषांत शोधले जाते. जर्मनीतील म्यूनिक नगरपालिकेचा अनुभव पाहता हे निदान अपुरे आहे, असे म्हणावे लागते.

म्यूनिकच्या कचेऱ्यांतून विंडोज एनटी ४ ही प्रणाली वापरात होती. तिला उत्पादकांकडून मिळणारे साहाय्य संपुष्टात येणार हे स्पष्ट होताच पुढे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी महापौर क्रिस्टियान ऊडे यांची समक्ष भेट घेतली. तथापि मे २००३ मध्ये नगरसभेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला. सुमारे १४,००० संगणकांचा हा प्रश्न होता. 'लिमक्स' या नावाने ओळखल्या गेलेल्या या योजनेनुसार प्रत्यक्ष स्थलांतरास २००६ मध्ये आरंभ झाला आणि २०१३ च्या अखेरीस ते पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले.

एवढा काळ कशात गेला? नवी प्रणाली संगणकावर बसविणे हे तुलनेने सोपे काम होते. खरी अडचण होती ती वर्षानुवर्षे साचलेल्या पत्रनमुन्यांची, अर्जांची आणि त्यांत गुंफलेल्या मॅक्रोंची. ती जुन्या लेखनप्रणालीसाठी रचलेली असल्यामुळे ओपनऑफिसमध्ये जशीच्या तशी चालत नसत. त्यासाठी नगरपालिकेला 'वोलमक्स' हे स्वतंत्र साधन घडवावे लागले. शिवाय विशिष्ट खात्यांच्या कामाचे काही कार्यक्रम केवळ विंडोजवरच चालत. त्यामुळे काही संगणक जुन्याच प्रणालीवर ठेवणे भाग पडले.

येथे 'नवशिक्या' या शब्दाचा अर्थ तपासून घेतला पाहिजे. कचेरीत अनेक वर्षे काम केलेला कारकून अननुभवी नसतो. परंतु त्याचे कौशल्य विशिष्ट पडद्याशी, विशिष्ट कळींशी आणि ठरावीक नमुन्यांशी बांधलेले असते. प्रणाली बदलताच ते कौशल्य निरुपयोगी होते आणि जाणता मनुष्य एका दिवसात नवशिक्या ठरतो. ज्याने संगणकास कधी हातच लावला नाही, त्याला विसरावयाचे काही नसते; याला शिकण्याआधी विसरावे लागते. त्यातच बाहेरच्या जगाने आपली प्रणाली बदललेली नसते. तिकडून आलेला दस्तऐवज येथे उघडला की त्याची मांडणी विस्कटण्याचा संभव असतो, आणि दोष मात्र नव्या प्रणालीच्या माथी येतो.

२०१४ मध्ये डीटर रायटर महापौर झाले. लिमक्सविषयीची नाराजी त्यांनी उघडपणे बोलून दाखविली. पुढे बाहेरील सल्लागारांकडून करवून घेतलेल्या अहवालात संगणकविभागाच्या विस्कळीत संघटनेवरही बोट ठेवलेले होते. तरीही नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतण्याचे ठरविले. २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या नव्या आघाडीने शक्य तेथे मुक्त आज्ञावलीस प्राधान्य देण्याचे पुन्हा मान्य केले.

या घटनाक्रमावरून लिनक्स यशस्वी की अयशस्वी, असा निवाडा देणे घाईचे होईल. एवढे मात्र दिसते की, नगरसभेच्या एका ठरावाने प्रणाली बदलता येते, सवय बदलता येत नाही. संगणकाच्या इतिहासकाराने यंत्राबरोबर कारकुनाच्या टेबलाचाही इतिहास लिहिला पाहिजे, तो याच कारणासाठी.