नर्सिंग विद्यार्थ्यांचे पर्यवेक्षण (ब्रिटन)

वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकणाऱ्या नर्सिंग विद्यार्थ्यांवर नोंदणीकृत व्यावसायिकांनी ठेवलेली देखरेख व त्यांना दिलेले मार्गदर्शन. ब्रिटनमध्ये शिकवणे आणि पास-नापास ठरवणे ही दोन्ही कामे दीर्घकाळ एकाच मेंटॉरकडे होती. ही सांगड मुळातच अवघड होती. विद्यार्थ्याच्या कौशल्याबद्दल शंका असूनही मेंटॉर त्याला नापास करायला कचरतात, असे संशोधक कॅथलीन डफी यांच्या २००३ च्या अभ्यासात आढळले. रोज शेजारी उभे राहून ज्याला ड्रेसिंग शिकवले, त्यालाच अपात्र ठरवताना हात अडखळणारच. पण या भिडेची किंमत पुढे रुग्ण मोजतो. म्हणून ब्रिटनमधील नियामक संस्था ‘नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल’ने २०१८ च्या मानकांत पर्यवेक्षक व मूल्यमापक वेगळे केले, हे योग्यच म्हणावे लागते.

मात्र दूरचा मूल्यमापक केवळ कागद पाहून निकाल देईल, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. त्यामुळेच मूल्यमापकाने विद्यार्थ्याचे काम अधूनमधून स्वतः पाहावे आणि पर्यवेक्षकांचे अभिप्राय विचारात घ्यावेत, अशी अपेक्षा मानकांत आहे. भूमिकांच्या विभागणीने न सुटणारी अडचण वेगळीच, मनुष्यबळाची: पर्यवेक्षकाच्या माथी रुग्णसेवाही असते, आणि माणसे अपुरी असलेल्या पाळीत शिकवण्याचाच वेळ आधी कापला जातो.