पाडव्याचा डाव

दिवाळीचा पाडवा हा आमच्या घरी सारीपाटाचा दिवस. या तिथीला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. शंकर-पार्वतीने या दिवशी फासे मांडले, पार्वती जिंकली, आणि सर्वस्व हरलेल्या भोळ्या शंकराला घराबाहेर पडावे लागले, अशी कथा आमची आजी सांगत असे. एवढे होऊनही त्यांचा संसार मोडला नाही, याचे तिला मोठे कौतुक वाटे. तेव्हापासून पाडव्याला नवराबायकोने एक तरी डाव मांडायचा, हा घरचा रिवाज आहे.

गेल्या पाडव्याला असाच पट मांडला होता. सौभाग्यवतीच्या सोंगट्या घरी चालल्या होत्या आणि माझ्या मार खात होत्या. ताई भाऊबीजेसाठी दोन दिवस आधीच आली होती. तिच्या घटस्फोटाला आता पंधरा वर्षे झाली. पाडव्याच्या ओवाळणीच्या वेळी ती हटकून काहीतरी काम काढून बसते. त्या दिवशी ती वाती वळत होती.

एवढ्यात आमची कॉलेजकन्या मोबाइल घेऊन आली. “आत्या, हे गाणे बघ. तुला आवडेल.” ताईने चष्मा चढवला. पडद्यावर सोनेरी केसांची एक बाई सरळ आपल्या डोळ्यांत बघून गात होती. मधूनच तिचे सोबती टेबलाभोवती हसताना दिसत, आणि ही मात्र एकटीच. इंग्रजी न कळणारी आमची ताई ते शेवटपर्यंत बघत राहिली.

“कोणी लिहिले ग हे?” तिने विचारले.

“तिच्या नवऱ्यानेच. त्यांचा घटस्फोट झाला त्याच वर्षी.”

“आणि तिने ते म्हटले? तिला कोणी विचारले होते का?”

प्रश्न भाचीला होता. पण ताईने बघितले माझ्याकडे. माझ्या हातातले फासे हातातच राहिले. का, ते पुढे सांगतो. त्या रात्री मात्र मी ठरवले की या गाण्याचा इतिहास शोधून काढायचा. इतिहास हा काही फक्त गडकिल्ल्यांचा नसतो. तो गाण्यांचाही असतो.

हे गाणे ‘ॲबा’ या स्वीडिश मंडळींचे. नाव ऐकून आपल्याला घरातले आबा आठवतील, पण ती चौघांच्या नावांची आद्याक्षरे आहेत: अग्नेथा, ब्यॉर्न, बेनी आणि आनि-फ्रिड. गंमत म्हणजे स्वीडनमध्ये याच नावाची, डबाबंद मासे विकणारी एक जुनी कंपनी होती, आणि नाव वापरण्यापूर्वी या गायकांनी तिची संमती घेतली होती. माशांच्या डब्यांना विचारले गेले, हे लक्षात ठेवा.

यातील अग्नेथा फेल्टस्कोग हिचा जन्म १९५० सालचा, यॉनशॉपिंग गावचा. मोटारींच्या एका पेढीत ती टेलिफोन जोडून देण्याचे काम करी आणि संध्याकाळी गात असे. प्रेमभंग झाला तेव्हा तिने स्वतःच एक गाणे रचले, स्वतःच गायले, आणि १९६८ च्या आरंभी, वयाच्या सतराव्या वर्षी, ते स्वीडनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिले आले. विरहाचे गाणे लिहिणे तिला कोणी शिकवायला नको होते, हा मुद्दाही जपून ठेवावा.

१९७१ मध्ये तिचे ब्यॉर्न उल्व्हेउस या गीतकाराशी लग्न झाले. दुसरे जोडपे बेनी अँडरसन आणि आनि-फ्रिड यांचे. ६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे युरोपभरच्या गाण्यांची स्पर्धा या चौघांनी ‘वॉटर्लू’ गाऊन जिंकली, आणि दोन जोडपी मिळून एक संसार जगभर गात सुटला. अग्नेथा-ब्यॉर्न यांना एक मुलगी, एक मुलगा झाला. दौरे आणि ध्वनिमुद्रणे वाढली. घर मागे पडले. १९७८ च्या अखेरीस दोघे वेगळे झाले, जानेवारी १९७९ मध्ये त्यांनी ते जाहीर केले, आणि १९८० मध्ये घटस्फोट कायद्याने पुरा झाला. गाणे मात्र दोघांनी सोडले नाही. संसार मोडला आणि नोकरी एकाच कचेरीत राहिली, असा हा प्रकार.

येथे स्वीडनच्या कायद्याचा एक शब्द सांगितला पाहिजे. १ जानेवारी १९७४ पासून तेथे घटस्फोटाचा नवा कायदा आला. त्याने दोष कोणाचा हा प्रश्नच कोर्टातून काढून टाकला. मुले लहान असतील तर सहा महिने विचार करा, आणि तरीही वेगळे व्हायचे असेल तर व्हा. कोण जिंकले, कोण हरले, याचा निवाडा नाही. आपल्याकडे मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा देशभर आला. पण त्यात दोष सिद्ध करावा लागे. परस्परसंमतीचे कलम आले ते १९७६ मध्ये. कोर्टात दोष मोजला जातो तेव्हा माणसे कशी सोलून निघतात, हे ज्यांच्या घरात घडले त्यांना ठाऊक आहे.

स्वीडनच्या कायद्याने जो प्रश्न बाद केला, तोच १९८० च्या उन्हाळ्यात ब्यॉर्नच्या कागदावर उतरला. बेनी आणि ब्यॉर्न यांची चाल विगस्यो नावाच्या बेटावर, स्टॉकहोमजवळच्या समुद्रात, तयार झाली होती. पहिला साचा फार ठाशीव वाटला म्हणून त्यांनी तो मोडला आणि पियानोचे स्वर पायऱ्या उतरावेत तसे खाली येत राहतील अशी नवी मांडणी केली. शब्द नव्हते, म्हणून ब्यॉर्नने तात्पुरते अर्थहीन फ्रेंच उच्चार भरून चाल गायली आणि फीत घरी नेली. तेथे ब्रँडीची बाटली जवळ घेऊन तासाभरात सारे गाणे लिहिले, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. नाव ठेवले ‘द विनर टेक्स इट ऑल’, म्हणजे जिंकणारा सारेच घेऊन जातो. त्यात पत्ते आहेत, फासे आहेत, पंच आहेत, बघे आहेत. भाषा इतकी साधी की माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीवाल्यालाही कोश उघडावा लागत नाही.

पण खरी मेख पुढेच आहे. गाण्यातील ‘मी’ ही हरलेली बाई आहे. लिहिणारा नवरा, गाणारी त्याची बायको. नवऱ्याने आपल्या सोडलेल्या संसाराबद्दल बायकोच्या तोंडी शब्द घातले, आणि ते तिने त्याच्यासमोर ध्वनिमुद्रित केले.

त्यावर चित्र चढवले लासे हॉलस्ट्रॉम याने. ॲबाच्या बहुतेक साऱ्या चित्रफिती याच दिग्दर्शकाच्या. हे चौघे जगातल्या प्रत्येक दूरचित्रवाणी केंद्रावर जाणार कसे? म्हणून गाण्याची छोटी फिल्म करून डब्यातून धाडायची, ही त्यांची युक्ती. ऑस्ट्रेलियासारखा दूरचा देश त्यांनी असाच जिंकला. गाण्यांच्या फिती दिवसरात्र दाखवणारी ‘एमटीव्ही’ ही अमेरिकन वाहिनी सुरू झाली ती पुढे, १ ऑगस्ट १९८१ रोजी.

जुलै १९८० मध्ये स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरील मार्स्ट्रांड या बेटावर चित्रण झाले. आरंभी चौघांची जुनी कृष्णधवल छायाचित्रे सरकतात, एखाद्या घरच्या आल्बमसारखी. मग अग्नेथाचा चेहरा, अगदी जवळून. मग हसणारे सोबती, आणि त्या हसणाऱ्यांत ब्यॉर्नही. नाट्य एवढेच. पण ज्या उन्हाळ्यात घटस्फोट झाला त्याच उन्हाळ्यात तो चेहरा टिपलेला असल्यामुळे बघणाऱ्याने नाट्य उरलेले भरून घेतले. २१ जुलैला तबकडी निघाली आणि ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या यादीत पहिली आली. लोकांनी निकाल देऊन टाकला: ही यांचीच कहाणी.

दोघांनीही तो निकाल मानला नाही. ब्यॉर्न म्हणत आला की वेगळे होण्याचा अनुभव त्यात आहे, पण गोष्ट रचलेली आहे. आमच्यात कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही. अग्नेथानेही हेच सांगितले: मुले असताना जिंकणार कोण? आणि ताईच्या प्रश्नाचे उत्तरही तिच्याच बोलण्यात सापडते. ते गाणे लोकांपुढे मांडण्यात तिला काही गैर वाटले नाही. त्यात आपली भावना ओतता आली याचा आनंदच वाटला. ते एकट्या ब्यॉर्नचे नव्हते, तिचेही होते आणि दुसऱ्या जोडप्याचेही होते, असे ती म्हणाली. ते दुसरे जोडपेही १९८१ मध्ये वेगळे झाले. १९८२ च्या अखेरीस चौघांचे एकत्र गाणे थांबले, ते थेट २०२१ मधील ‘व्हॉयेज’ या संग्रहापर्यंत. १९९९ मध्ये लंडनला त्यांच्या गाण्यांवरचे ‘मामा मिया’ हे संगीत नाटक आले, २००८ मध्ये त्याचा चित्रपट झाला, आणि तेच गाणे मेरिल स्ट्रीपने गायले. ज्यांनी मूळ घटस्फोट ऐकलाही नव्हता तेही रडले.

आता ते फासे हातात का राहिले, ते सांगतो. बारा वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी आली. तिची नायिका कोर्टाच्या पायऱ्या उतरताना नवऱ्याकडे वळून एक वाक्य बोलते. त्या वाक्यासाठी माझी वाहवा झाली. पायऱ्या ताईच्या होत्या. वाक्य माझे होते. त्या दिवशी ताई एक अक्षरही बोलली नव्हती. पुस्तक छापून आल्यावर बाजारात, हळदीकुंकवात बायका तिला विचारू लागल्या, “खरेच असे म्हणालात तुम्ही?” तिने मला कधी दोष दिला नाही. कादंबरी मात्र आजवर माझ्यासमोर उघडली नाही.

भाऊबीजेच्या सकाळी मी शोधून काढलेले सारे तिला सांगितले. अग्नेथाची काही तक्रार नव्हती, हे जरा मोठ्याने सांगितले. वकिलाला साक्षीदार सापडावा तसा मला आनंद झाला होता.

ताईने निरांजन पेटवले, माझ्या कपाळी कुंकू लावले आणि म्हणाली, “तिच्या हातात कागद दिला होता रे. तिने वाचला, मग गायली. मनात नसते तर नाही म्हणाली असती. मला तू छापून आल्यावर दाखवलेस.”

मी पाट सोडून उठू शकत नव्हतो. ओवाळणी चालू होती.

वाचकहो, लेखकाने घरच्या दुःखावर लिहू नये असे मी म्हणणार नाही. तसे झाले तर निम्मे वाङ्मय कोरे राहील. पण लिहिलेले शब्द ज्याच्या तोंडी घालायचे त्याच्या हाती आधी कागद द्यावा, एवढे त्या उन्हाळ्यातल्या गाण्याने मला शिकवले. त्या गाण्यात जिंकणारा कोण, याचा निकाल मी देणार नाही. पण ती हरलेली नव्हती, एवढे आता कळते; कारण शेवटचा सूर तिच्या गळ्यात होता.

हा लेख संपादकांकडे पाठवण्यापूर्वी ताईला वाचून दाखवला. सारा ऐकून तिने एक वाक्य काढायला सांगितले. वाक्य चांगले होते. ते येथे नाही.