कंपायलरमधील फूट आणि समेट

आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुना संगणक आहे. त्यावर लिनक्स चालते. एका तरुण सभासदाने वर्गणीचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम घरच्या नव्या संगणकावर बांधून आणला. आमच्याकडे तो चालेना. ‘जीएलआयबीसीएक्सएक्सची अमुक आवृत्ती सापडत नाही,’ एवढेच उत्तर. आम्ही शाळा फार पाहिली नाही. परंतु यंत्र अडले की त्याची पूर्वपीठिका विचारायची, ही सवय कारखान्याने लावली.

माणसाचे लेखन यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. नेहमीची कामे लायब्ररीत तयार असतात व प्रोग्रॅम त्यांना नावाने हाक मारतो. नाव किंवा आवृत्ती जुळली नाही की काम बंद.

लिनक्सवरील प्रमुख कंपायलर जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ साली प्रथम लोकांपुढे ठेवला. १९९७ साली, काम फार मंद चालते अशी तक्रार करून काही मंडळींनी ‘ईजीसीएस’ नावाने वेगळी चूल मांडली. फूट आम्हाला नवी नाही. नवल पुढेच आहे: एप्रिल १९९९ मध्ये जीसीसीचा कारभार या फुटलेल्यांच्याच हाती सोपवण्यात आला! आमच्या चळवळीत असे घडलेले आम्ही पाहिले नाही.

पण सप्टेंबर २००० मध्ये रेड हॅट कंपनीने आपल्या लिनक्सच्या ७.० आवृत्तीबरोबर जीसीसी ‘२.९६’ दिला. मंडळाने असा क्रमांक कधी प्रसिद्धच केला नव्हता. चालू कामाची प्रत दुरुस्त करून कंपनीने ती बाहेर काढली होती. कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे: जुना २.९५ सी प्लस प्लसच्या नव्या प्रमाणाला अपुरा पडत होता. तरी ऑक्टोबरात मंडळाने जाहीर केले की हा आमचा नव्हे. त्याने बांधलेले सी प्लस प्लसचे भाग मागच्या २.९५शी जुळत नव्हते, पुढच्या ३.०शीही जुळणार नव्हते. लिनक्सचा गाभा बांधण्यासाठी त्याच आवृत्तीत ‘केजीसीसी’ म्हणून जुना कंपायलर वेगळा द्यावा लागला. निर्णय एकाचा आणि भुर्दंड ज्यांना कोणी विचारले नाही त्यांना. हा प्रकार आमच्या ओळखीचा आहे.

२००१ सालच्या ३.०नंतर २००२ सालच्या ३.२मध्ये रचना पुन्हा बदलली. २०१५ साली, ५.१च्या वेळी, मंडळी शहाणी झाली होती. अक्षरमालिका साठवण्याची पद्धत बदलणे भागच होते. पण जुनी नावे त्याच लायब्ररीत नव्यांशेजारी राहू दिली. जुन्यांच्या सेवाशर्ती कायम, नव्यांशी नवा करार. कारखान्यात अशा दुहेरी कराराला आम्ही विरोधच करू. इथे मात्र तो शोभला.

यातूनच आमच्या अडचणीचा उलगडा झाला. नव्या लायब्ररीला जुनी नावे ठाऊक असतात, जुनीला नवी कशी असणार? आमचा तरुण नव्या लायब्ररीची फाइल जुन्या संगणकावर डकवायला निघाला होता. पण तिच्याखाली आणखी एक लायब्ररी असते आणि ती जुनीच राहिली असती. शेवटी त्याने मूळ लेखन कचेरीत आणून इथल्याच कंपायलरने पुन्हा बांधले. संध्याकाळी यादी छापून निघाली. चौदा जणांची वर्गणी थकली आहे, त्यात त्याचेही नाव आहे.